चेहरा शेवटी बघा: उत्तरकालीन रोमन ब्राँझ नाणी कशी ओळखायची

माझं पहिलं रोमन नाणं मी लिंबाने घासलं. घरी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख करताना बघितलेलं, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळला. इंग्लंडात येऊन वर्षही झालं नव्हतं. एका नाणे-प्रदर्शनात 'कोणतंही उचला, पाच पौंड' अशी पेटी होती, तिच्यातून हे हिरवट-काळं नाणं घेतलं होतं. दहा मिनिटांत ते नव्या पळीसारखं गुलाबी झालं आणि त्यावरचा राजा नाहीसा झाला. नंतर कळलं, की सतराशे वर्षं जमिनीत राहिलेल्या नाण्याची नक्षी बऱ्याचदा धातूत उरलेलीच नसते. ती असते वर चढलेल्या थरात. थर गेला की नाक, डोळे, अक्षरं सगळंच जातं.

तेव्हा पहिला नियम: आंबट काहीही लावायचं नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, भांड्यांची पावडर, सगळं स्वयंपाकघरातच राहू द्या. साफसफाईकडे पुढे येतो. आधी ओळखायचं कसं ते बघू, कारण खरी मजा तिथे आहे.

ही नाणी कोणती, आणि इतकी स्वस्त का

डायोक्लिशन या सम्राटाने साधारण इ.स. २९४ मध्ये नाणेपद्धत बदलली. तिथपासून सम्राट अनास्तासियसने ४९८ मध्ये पुन्हा बदल करेपर्यंत जी ब्राँझची नाणी पडली, त्यांना संग्राहक ढोबळमानाने उत्तरकालीन रोमन ब्राँझ म्हणतात. डायोक्लिशनचं नवं नाणं दणदणीत होतं. वजन सुमारे १० ग्रॅम, व्यास २७-२८ मिलिमीटर, वरून चांदीचा पातळ मुलामा. महागाईपुढे ते टिकलं नाही. ३०१ मध्ये त्याने वस्तूंचे कमाल दर ठरवणारा हुकूम काढला, त्याचाही उपयोग झाला नाही. नाणं बारीक होत गेलं. ३३० च्या सुमारास अडीच ग्रॅम, ३३५ नंतर दीडच्या आसपास, आणि शतक संपताना एक ग्रॅमची, करंगळीच्या नखाएवढी टिकली उरली.

याच घसरणीमुळे ही नाणी आज आपल्या खिशाला परवडतात. ती अफाट संख्येने पडली आणि ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत सापडत राहतात. ओळख पटलेलं, अक्षरं वाचता येतील असं साधं नाणं दहा-वीस पौंडांत मिळतं.

मेजावर काय हवं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मान वाकवता येईल असा टेबललॅम्प. या चारांत दिव्याचं महत्त्व सगळ्यात जास्त. उजेड वरून टाकलात तर झिजलेलं नाणं सपाट दिसतं. दिवा खाली आणून कडेने, जवळजवळ आडवा टाका आणि नाणं हळूहळू गोल फिरवा. उजेड घड्याळातल्या नऊच्या बाजूने पडताना न दिसणारं अक्षर बाराच्या बाजूने पडला की उठून येतं.

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका

नवखा माणूस आधी राजाचं तोंड बघतो. हे चौथं शतक आहे आणि इथे तोंडं जवळजवळ सारखी आहेत. मोठे डोळे, सरळ नाक, डोक्यावर पट्टा. नावं तर आणखी वैताग देतात. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मुलांची नावं कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स, आणि आजोबाही कॉन्स्टँटियसच. आपल्याकडे बाजीराव पहिले की दुसरे, माधवराव की सवाई माधवराव, शाहू साताऱ्याचे की कोल्हापूरचे, हा घोळ ज्याने निस्तरला आहे त्याला हे नवीन वाटणार नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी वजन आणि व्यास, मग मागच्या बाजूचं चित्र, मग टाकसाळीची खूण, मग नाव, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. आकार आणि चित्र मिळून पाच-दहा वर्षांपर्यंत आणून सोडतात. त्या काळात नाणी कोणाच्या नावाने पडत होती, ती यादी दोन-चार नावांची असते. मग अर्धवट दिसणारी तीन अक्षरंही पुरतात.

आकारासाठी जुन्या पुस्तकांत चार वर्ग सापडतील. पहिला २५ मिलिमीटरहून मोठा, दुसरा २१ ते २५, तिसरा १७ ते २१, चौथा १७ हून लहान. त्या काळच्या लोकांनी या नाण्यांना नेमकं काय म्हटलं यावर वाद आहेत, पण वर्ग सोयीचे आहेत म्हणून टिकले.

मागची बाजू

इथे थोडा वेळ काढा. वीसेक चित्रं डोळ्यांत बसली की बाजारातली बहुतेक नाणी लांबूनच ओळखू येतात. मला वारंवार भेटलेली सांगतो.

मोठं, जड नाणं, त्यावर कमरेला वस्त्र असलेला तरुण, एका हातात ताटली आणि दुसऱ्यात फळाफुलांनी भरलेलं शिंग. हा रोमन जनतेचा रक्षक देव, अक्षरं 'जेनिओ पोपुली रोमानी'. हे डायोक्लिशन आणि त्याच्या सहराजांचं, म्हणजे २९४ नंतरचं. उजवा हात उंचावलेला, डोक्याभोवती किरणं असलेला सूर्यदेव दिसला की ३१० चं दशक आणि बहुधा कॉन्स्टंटाइन. विटांची भिंत, वर दोन बुरूज आणि मधे तारा असेल तर ३२४ ते ३३०. याला सगळे छावणीचं दार म्हणतात, काही अभ्यासक सरहद्दीवरचा टेहळणी बुरूज मानतात. पानांच्या गोल हारात फक्त अक्षरं दिसली तर ते सम्राटाच्या नवसाचं नाणं. इतकी वर्षं राज्य केलं, आणखी इतकी करू दे, असा देवाशी केलेला करार. आकडे रोमन असतात, त्यामुळे वाचायला सोपे.

३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी झाली आणि त्या निमित्ताने दोन नाणी निघाली, ज्यांवर सम्राट नाहीच. एकावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि मागे दोन बाळांना दूध पाजणारी लांडगीण, वर दोन तारे. दुसऱ्यावर कॉन्स्टँटिनोपल नगरीचं रूप आणि मागे जहाजाच्या नाळेवर उभी पंखांची विजयदेवी. लांडगिणीचं नाणं घ्याच. ते कुठेही मिळतं आणि पाहुण्यांना दाखवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही.

त्याच वेळचं, आणि ढिगाने सापडणारं, म्हणजे 'ग्लोरिया एक्झर्सिटुस', सैन्याचा गौरव. भाले घेतलेले दोन सैनिक समोरासमोर आणि मधे निशाण. इथे निशाणं मोजायची. दोन असतील तर ३३० ते ३३५, एकच असेल तर ३३५ ते ३४१. नाणं लहान झालं, तसं एक निशाण कमी झालं.

३४८ मध्ये पुन्हा मोठं नाणं काढायचा प्रयत्न झाला. अक्षरं 'फेल टेंप रेपारातिओ', म्हणजे सुखाचे दिवस परत आले. नेमके याच काळात राजे एकमेकांच्या उरावर बसले होते. चित्रं बरीच आहेत: नावेत उभा सम्राट, पर्वतावर किंवा गोलावर बसलेला फिनिक्स पक्षी, झोपडीतून कोणाला तरी हाताला धरून बाहेर काढणारा शिपाई. पण तुम्हाला मिळणार ते घोडेस्वाराचं. शिपाई भाला खुपसतोय आणि घोड्यासकट कोसळलेला शत्रू हात वर करतोय, नाहीतर घोड्याच्या मानेला मिठी मारतोय. सुरुवातीची नाणी २२-२४ मिलिमीटरची, ३५० च्या दशकाच्या उत्तरार्धातली १७-१८ ची. गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये याच्या स्थानिक नकला भरपूर झाल्या. त्यांत घोडा कुत्र्यासारखा दिसतो आणि अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या काड्या असतात. नक्कल म्हणून फेकू नका, ती त्याच काळातली आहे आणि तिचा वेगळा संग्रह करणारी माणसं आहेत.

पुढचं भराभर. नाणं भरून खी आणि ऱ्हो या ग्रीक अक्षरांचं ख्रिस्तचिन्ह असेल, तर बंडखोर मॅग्नेंटियस, ३५० ते ३५३. मोठा थोरला बैल आणि वर दोन तारे असतील, तर सम्राट ज्युलियन. सम्राट एका कैद्याला केसांना धरून ओढतोय, किंवा विजयदेवी हार घेऊन डावीकडे चालली आहे, ही जोडी ३६४ नंतरची, व्हॅलेंटिनियन, व्हॅलेन्स आणि ग्रेशियन यांची. देवीच कैद्याला ओढते आहे आणि नाणं नखाएवढं आहे, तर थिओडोसियसचा आणि त्याच्या मुलांचा काळ, ३८३ नंतर.

एक सापळा सांगून ठेवतो. 'ग्लोरिया रोमानोरुम' ही अक्षरं पन्नास वर्षांत निदान चार वेगळ्या चित्रांभोवती येतात. म्हणून अक्षरांवर विसंबू नका, चित्र बघा.

टाकसाळ

मागच्या चित्राखाली एक आडवी रेघ असते. तिच्याखालच्या अक्षरांत नाणं कुठे पडलं ते लिहिलेलं असतं. सुरुवातीची 'एस एम' म्हणजे साक्रा मोनेटा, पवित्र टाकसाळ. ती बाजूला ठेवायची. मग उरतं ते शहर: 'टी आर' ट्रियर, 'ए क्यू' अक्विलिया, 'एस आय एस' सिस्किया (आजच्या क्रोएशियातलं सिसाक), 'टी एस' थेसालोनिकी, 'एन' निकोमिडिया, 'के' सिझिकस, 'ए एन टी' किंवा नुसतं 'ए एन' अँटिओक, 'ए एल ई' अलेक्झांड्रिया. 'एल ओ एन' किंवा 'एल एन' दिसलं तर लंडन. लंडनची टाकसाळ ३२५ च्या सुमारास बंद झाली, त्यामुळे तिथली नाणी ठरावीक वर्षांचीच.

उरलेलं एकटं अक्षर म्हणजे टाकसाळीतली शाखा, कारखाना क्रमांक म्हणा. पश्चिमेकडे लॅटिन पहिला-दुसरा-तिसरा-चौथा यांची आद्याक्षरं, पूर्वेकडे ग्रीक अक्षरं: अल्फा एक, बीटा दोन, गॅमा तीन. अँटिओकला नवव्या शाखेसाठी थीटा न लिहिता डेल्टा आणि एप्सिलॉन, म्हणजे चार अधिक पाच, असं लिहीत. थीटाने ग्रीकमधला मृत्यूचा शब्द सुरू होतो. आपण बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो, त्यातलाच प्रकार.

आर्ल शहराचं नाव काही काळ कॉन्स्टंटिना होतं, त्यामुळे त्याची खूण 'सी ओ एन एस टी' आणि कॉन्स्टँटिनोपलची 'सी ओ एन एस' यांत गल्लत होते. शाखेचं अक्षर कुठे आहे ते बघा. आर्लमध्ये ते आधी येतं, कॉन्स्टँटिनोपलमध्ये नंतर.

नाव

पुढच्या बाजूची अक्षरं डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने फिरतात. 'यू' नसतो, सगळीकडे 'व्ही' असतो. सुरुवातीचं 'डी एन' म्हणजे आमचे स्वामी, शेवटचं 'पी एफ ए व्ही जी' म्हणजे धर्मनिष्ठ, भाग्यवान, ऑगस्टस, अर्थात गादीवरचा सम्राट. 'एन ओ बी सी' असेल तर तो सीझर, म्हणजे युवराज.

नाव अर्धंच दिसत असेल तर अक्षरं मोजा. रोमन लिपीत कॉन्स्टंटाइन बारा अक्षरांचा, कॉन्स्टँटियस अकरा, कॉन्स्टन्स आठ. पहिल्या दोघांत फरक एका 'एन'चा आहे. 'टी आय' नंतर 'एन' की थेट 'व्ही', एवढंच शोधायचं. नावानंतर 'आय व्ही एन' आलं तर धाकटा कॉन्स्टंटाइन. नावाआधी 'एफ एल आय व्ही एल' असेल तर कॉन्स्टँटियस दुसरा किंवा कॉन्स्टन्स.

ज्यांनी शिवराई हाताळली आहे त्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. ठसा मोठा आणि चकती लहान असली की 'श्री राजा शिव' मधला 'श्री' नाण्याबाहेर जातो. इथेही तेच. चौथ्या शतकाच्या शेवटी तर अर्धी अक्षरं हवेतच पडलेली असतात. अशा वेळी दिसतं तेवढं जसंच्या तसं लिहून घ्या, न दिसणाऱ्या जागी टिंबं द्या. मनाने भरू नका.

आणि आता चेहरा. तो दोन-तीन ठिकाणी खरोखर कामाला येतो. ज्युलियन सम्राट झाल्यावर दाढी ठेवतो. ३५० च्या दशकातल्या घोडेस्वाराच्या नाण्यावर डोकं उघडं असेल, ना हार ना पट्टा, तर तो सीझर: गॅलस किंवा ज्युलियन. यात गॅलस फार फसवतो, कारण नाण्यावर त्याचंही नाव कॉन्स्टँटियसच. डोकं बघितलं नाहीत तर त्याला सम्राट समजून बसाल. मी दोन वर्षं बसलो होतो.

एक नाणं, सुरुवातीपासून

समोर आहे ते १८ मिलिमीटर, २.४ ग्रॅम. तपकिरी रंग, एका कडेला हिरवा डाग. मागे दोन सैनिक. मधे काय आहे ते आधी कळेना, एकच जाड पट्टा वाटला. दिवा कडेला आणला तर पट्ट्याच्या मधोमध फट दिसली. दोन निशाणं. म्हणजे ३३० ते ३३५, आणि वजनही जुळतं. रेघेखाली पहिलं अक्षर झिजलेलं, मग 'एस आय एस'. सिस्किया. पुढच्या बाजूला उजवीकडे 'एन ओ बी सी' स्वच्छ. युवराज, म्हणजे बाप बाद आणि मुलंच उरली. नावाच्या शेवटी 'आय व्ही एन' मधला 'व्ही एन' तेवढा दिसतो. धाकटा कॉन्स्टंटाइन. चेहऱ्याकडे बघावंही लागलं नाही.

इथून पुढचं काम 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या खंडमालेतला क्रमांक शोधण्याचं. ३१३ ते ३३७ साठी सातवा खंड, ३३७ ते ३६४ साठी आठवा, ३९५ पर्यंत नववा. खंड महाग आहेत, पण न्यू यॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने त्यावर आधारित 'ओक्रे' हा कोश मोफत ऑनलाइन ठेवला आहे. त्यात टाकसाळ, सम्राट आणि मागचं चित्र निवडलं की यादी आठ-दहा नाण्यांवर येते. शाखेचं अक्षर झिजलं असलं तरी क्रमांक बहुतेकदा मिळतो, कारण एकाच क्रमांकाखाली सगळ्या शाखा असतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. भारतातल्या वाचकांनी तिथे एक दिवस घालवावा. नाणं वाचायची नजर कुठल्याही नाण्यांवर तयार होते.

साफ करायचं असेल तर

आधी विचारा, करायलाच हवं का? वाचता येत असेल तर हात लावू नका. मातीने भरलेलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं, नळाचं नको. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, मऊ टूथब्रश फिरवा, पुन्हा बुडवा. महिना लागेल, तीनही लागतील. मग भिंगाखाली, ओल्या नाण्यावर, बांबूच्या टूथपिकने अक्षरांच्या कडेची माती उकरा. लाकूड धातूपेक्षा मऊ आहे, ओरखडा पडत नाही. राखाडी-चंदेरी झाक दिसली तर तिथेच थांबा, तो मूळ मुलामा आहे. गुळगुळीत हिरवा, तपकिरी किंवा काळा थर काढायचा नाही.

पण सगळा हिरवा सारखा नसतो. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तेव्हा कडेला येतो तसा पोपटी, भुसभुशीत हिरवा दिसला, टूथपिकने काढला आणि चार दिवसांत तिथेच परत आला, तर नाणं आजारी आहे. धातूत शिरलेलं क्लोराइड दमट हवेत त्याला आतून खातं. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळी नाणी तपासावीत. आजारी नाणं वेगळं काढा, भुकटी खरवडा. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा मिसळून डिस्टिल्ड वॉटरमध्ये पाच टक्क्यांचं द्रावण करा आणि त्यात काही आठवडे ठेवा. द्रावण अधूनमधून बदला. त्यानंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये तितकाच वेळ. दिव्याच्या उबेत पूर्ण सुकवा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हलका हात द्या. रंग थोडा बदलतो. नाणं वाचवायचं की रंग, हे ठरवावं लागतं. ठेवताना पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं टाळा, ती काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकटा सोडतात. त्याऐवजी मायलर या पॉलिएस्टर प्लॅस्टिकची पाकिटं वापरा आणि डब्यात सिलिका जेल ठेवा.

विकत घेताना

न धुतलेल्या नाण्यांची पिशवी घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. चांगली नाणी आधीच निवडून घेतलेली असतात, हे धरूनच चाला. आधी ओळख पटलेली आठ-दहा वेगवेगळ्या चित्रांची नाणी घ्या, त्यांच्यावर नजर तयार करा. बनावट नाणी या स्वस्त गटात कमी आहेत, पण आहेत. कडेवर साच्याची शिवण, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, किंवा एकाच विक्रेत्याकडे ओरखड्यासकट हुबेहूब सारखी दोन नाणी दिसली तर निघून जा. नाणं कोणत्या संग्रहातून आलं ते विचारा आणि पावती जपा. चोरून खणलेली नाणी बाजारात खूप येतात. जमिनीतून असं उपसलेलं नाणं सुटं उरतं. कोणत्या थरात, कशाशेजारी होतं, ते पुन्हा कळायचा मार्ग राहत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: सुट्टीत घरच्यांना दाखवायला नाणी भारतात नेऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे परतताना विमानतळावर अडकाल. भारतात जमिनीत काही सापडलं, तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडल्याचं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे निव्वळ कागदी नाही. चौथ्या-पाचव्या शतकातली ही बारकी रोमन तांब्याची नाणी तमिळनाडूत मदुराई आणि करूरच्या परिसरात आणि श्रीलंकेत बरीच सापडली आहेत, त्यांच्या तिथेच केलेल्या नकलांसह. झिजून गोटी झालेली, त्यामुळे कोणाच्याही लक्षात न येणारी.

प्रत्येक नाण्यामागे एक चिठ्ठी ठेवा: व्यास, वजन, दोन्ही बाजूंची अक्षरं टिंबांसकट, टाकसाळ, क्रमांक, कुठून, कधी, केवढ्याला. मी चिठ्ठी पेन्सिलने लिहितो, कारण तिसऱ्या-चौथ्या वेळी पाहताना मत बदलतं. लिंबाने घासलेल्या त्या पहिल्या नाण्याचीही चिठ्ठी आहे. १९ मिलिमीटर, २.१ ग्रॅम. मागे काहीतरी उभं आहे, बहुधा दोन माणसं. दर हिवाळ्यात दिवा आडवा करून मी ते एकदा फिरवून बघतो.